पांढऱ्या पडलेल्या कुड्या

१

सोन्याच्या कुड्या पांढऱ्या पडल्या, ही तक्रार खरं तर सोनाराकडे न्यायची. फार तर पोलिसांकडे. औषध निरीक्षकाच्या कचेरीत ती कोणी आणत नाही. म्हणून टेबलापलीकडच्या बाईंनी कागदाची पुडी उलगडली तेव्हा निरीक्षकबाईंनी त्यांना दारावरची पाटी नीट वाचून यायला सांगितलं.

"वाचूनच आलेय," त्या म्हणाल्या. "या माझ्या आईच्या कुड्या. तीस वर्षं तिच्या कानात होत्या. दवाखान्यात नर्सनं काढून माझ्या हातावर ठेवल्या, तेव्हा या अशा. आई गेली त्याला आज नऊ दिवस झाले."

कुड्या चांदीसारख्या पांढऱ्या होत्या, पण चांदीची चमक त्यांना नव्हती. निरीक्षकबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"कशानं गेल्या?"

"विषानं. रक्तात पारा निघालाय, हा बघा कागद. माझ्या भावजयीनं आधी आईला विष घातलं आणि मग कानातलं सोनं बदललं. आईच्या गुडघ्यांसाठी वैद्यबुवांच्या काळ्या गोळ्या होत्या, पाऱ्याच्या. त्या तीच द्यायची, स्वतःच्या हातानं. दोघींचं एक दिवस पटलं नाही. आजारपणात आई मला म्हणाली होती, तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागतं. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?"

"पोलीस काय म्हणतात?"

"म्हणतात, आधी तुमचा गोळ्यांचा अहवाल येऊ दे, मग तिला उचलतो. परवा सकाळपर्यंत हवाय त्यांना. तिची चार वर्षांची पोर आहे, ती मी सांभाळीन. माझं तिच्याशी वैर नाही."

कचेरीत निरीक्षकबाईंना मागून लिटमसबाई म्हणत. खोटं बोलणारा समोर आला की त्यांचा रंग बदलतो, अशी वदंता होती. खरं सांगायचं तर खोटं त्यांना कधीच पटकन कळत नसे. त्या फक्त कंटाळत नसत. त्यांनी खणातून टाचणी काढली आणि एका कुडीच्या मागच्या बाजूला खसकन ओरखडा ओढला.

पांढऱ्या थराखाली पिवळंधमक सोनं होतं. कुड्या कोणीही बदललेल्या नव्हत्या.

२

वैद्यबुवांची रसशाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. शेडमध्ये भट्टी, खोल्यांत खल, बरण्या आणि गंधकाचा वास. बुवा सत्तरीचे. पेला उचलताना त्यांचा हात असा थरथरला की पाणी सदऱ्यावर सांडलं. निरीक्षकबाईंनी ते पाहिलं आणि बुवांनी पाहिलेलं पाहिलं.

"म्हातारपण," बुवा म्हणाले.

"पन्नास वर्षं पाऱ्यात घातलीत, बुवा. सगळंच म्हातारपणाच्या माथी मारू नका."

"पारा जिवंत असेल तर यम. मारला, गंधकात जिरवला, की औषध."

"मेलेला पाराही माणसाची मूत्रपिंडं घेऊन जातो. ते आपलं भांडण जुनं आहे, आणि मी ते सोडलेलं नाही. पण आज मला एवढंच सांगा, तुमच्या गोळीत जिवंत पारा राहिला असेल का?"

बुवा उठले. त्यांनी एक तांब्याचा पत्रा घेतला, त्यावर लिंबू पिळलं आणि मृत आजींच्या डबीतलीच गोळी बाईंच्या हातानं त्यावर घासायला लावली. पत्रा काळपट झाला, पुसल्यावर पुन्हा तांबडा. मग त्यांनी कुपीतून कच्च्या पाऱ्याचा एक थेंब टाकून तो घासला. तांबं आरशासारखं पांढरं झालं.

"गोळीत सुटा पारा असता तर पत्रा असा झाला असता," बुवा म्हणाले. "तरीही बाई गेली ती माझ्याच गोळ्यांनी, असं तुमचं यंत्र म्हणत असेल तर मला न्या. त्या पोरीला कशाला?"

पोरगी म्हणजे सून. आणि त्या सुनेचा नवरा, म्हणजे गेलेल्या आजींचा मुलगा, तिथंच शेडमध्ये होता. पंधरा वर्षं बुवांची भट्टी त्याच्याच हाती, म्हणून सगळे त्याला भट्टीवालाच म्हणत. धिप्पाड माणूस, डोळे रडून सुजलेले. बाईंनी विचारलं, "तुमच्या बायकोनं हे केलं असेल असं तुम्हाला वाटतं का?"

"मला काही कळेनासं झालंय," तो म्हणाला आणि भट्टीकडे वळला. बायकोवर संशय असलेला माणूस चिडतो, नसलेला त्याहून चिडतो. हा चिडला नाही, हे बाईंना खटकलं.

बुवांनी मग आपली सगळ्यात मोलाची बरणी दाखवली. आत लाल भुकटी होती. "हृदयासाठी. यात पाऱ्याला सोन्याचा वर्ख खाऊ घालतो. पाहता पाहता गिळतो. मग गंधक घालून खलायचं, काचेच्या कुपीत भरायचं आणि दीड दिवस भट्टीवर."

"आणि गिळलेलं सोनं जातं कुठे?"

"औषधात. माझे गुरू सांगायचे, पाऱ्यानं गिळलेलं परत मागायचं नसतं. मी आयुष्यात कधी मागितलं नाही."

परतताना बाईंनी आजींचं शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पोट आणि आतडी अगदी स्वच्छ, फुप्फुसं मात्र भाजल्यासारखी. वयानं न्यूमोनिया झाला असेल. बाईंना कुड्यांवरचा पांढरा थर आठवला. गोळ्यांनी तो येणं शक्य नव्हतं. कच्चा पारा कुलपात असे, आणि किल्ल्या दोनच, एक बुवांकडे आणि एक भट्टीवाल्याकडे. भट्टीवाल्याची किल्ली रोज संध्याकाळी घरी जात असे, त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर.

गोळ्या सुटल्या होत्या. सून आणखी अडकली होती.

३

"मी भांडायची, हे खरंय," सून म्हणाली. "मिठावरून, कपड्यांवरून, पोरीच्या वेणीवरून. वन्सं काही खोटं सांगत नाहीत. पण भांड्याला भांडं लागलं म्हणून कोणी भांडं फोडतं का, बाई?"

घर दोन खोल्यांचं. पुढे आजींची खोली, मागे स्वयंपाकघर, मधे दार नाही, नुसती कमान. आजी शिवणकाम शिकवायच्या. त्यांचं यंत्र झाकून ठेवलं होतं. त्यांच्याच पलंगावर सुनेची मुलगी, ठकी, बाहुली घेऊन लोळत होती.

"किल्लीला कधी हात लावलात?"

"कशाला लावू? ती किल्ली पाहिली तरी मला गंधकाचा वास येतो."

"आजी आजारी पडल्या त्या दिवशी काय काय झालं?"

"काहीच नाही हो. हे दुपारी लवकर घरी आले होते. आई झोपल्या होत्या. मी बाजार केला, ठकीला बालवाडीतून आणलं. संध्याकाळी आईंना हुडहुडी भरली, खोकला लागला. दुसऱ्या दिवशी काही खाववेना, सगळ्याला लोखंडाची चव. चौथ्या दिवशी..." ती थांबली. "वन्संना वाटतं मी रडले नाही. मी रडले. मोरीत नळ सोडून रडले. त्यांच्यासमोर रडले असते तर नाटक म्हणाल्या असत्या."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. डबे ओळीनं, ओटा घासलेला, भिंतीवर डाव, उलथनं, झारा. एक खिळा रिकामा होता.

"इथं काय असतं?"

"लोखंडी पळी. तेल तापवायची. कुठं गेली देव जाणे. हे आईंच्या गुडघ्यांना तेल लावायचे ना, त्यांनी घेतली होती, मग दिसलीच नाही. विचारलं तर म्हणाले, नवी आणतो."

तेवढ्यात पलीकडून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, लागोपाठ. सून लगबगीनं कमानीतून गेली आणि तिनं पोरीची पाठ चोळली.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "आजीच्या जागीच झोपते, दुसरीकडे निजतच नाही. तरी वाफारा देतेय."

बाई पलंगाशी वाकल्या. ठकीच्या कानांत सोन्याच्या दोन इवल्या बाळ्या होत्या. उजवी बाळी पिवळी होती. डावी, ज्या कुशीवर ती उशीत तोंड खुपसून झोपायची त्या बाजूची, अर्धी पांढरी झाली होती. पोरीनं कधी वैद्याची गोळी तोंडात घातली नव्हती.

निरीक्षकबाईंनी तिला पलंगावरून उचललं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एखाद्याचं मूल न विचारता उचललं नव्हतं.

"बाहेर चला," त्या म्हणाल्या. "कपडे घेऊ नका, उशी घेऊ नका, कशाला हात लावू नका. घर आत्ताच्या आत्ता रिकामं करायचं."

४

ठकीला दवाखान्यात भरती करून बाई सोनाराकडे गेल्या. दुकान एवढंसं, पण सोनार जुना. त्यानं कुड्या भिंगाखाली धरल्या आणि हात मागे घेतला.

"पारा चढलाय यांच्यावर. इथं तापवायला सांगू नका. माझे वडील त्याच धुरानं गेले. मागच्या अंगणात, वारा येतो त्या बाजूला उभं राहून तापवलं की सोनं पुन्हा पिवळं होतं, पण मी ते करणार नाही."

"पाऱ्याला हात न लावता सोनं असं होतं?"

"पारा तापवलेल्या खोलीत अंगावर सोनं असलं की होतं. वाफ येऊन बसते. बाई, ज्यांच्या कानांत हे होतं त्या आहेत का?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. सोनारानं कुड्या कागदावर परत ठेवल्या. मग बाईंनी खिशातून ठकीच्या बाळ्या काढल्या आणि त्यानं त्या लगेच ओळखल्या.

"या माझ्याच हातच्या. भट्टीवाल्यानं करून घेतल्या, सहा महिने झाले असतील."

"सोनं त्यानं आणलं होतं की तुम्ही घातलंत?"

"त्यानंच आणलं. म्हणाला, घरातलं जुनं आहे. मी म्हटलं, असेल बाबा." सोनारानं भिंग पुसलं. पुसून झालं तरी तो पुसतच राहिला. "जुनं सोनं म्हणजे मोडका दागिना येतो, बाई. तुटकी साखळी, चेपलेली अंगठी. त्यानं आणला तो गोळा होता. भोकाभोकाचा, पावासारखा. असं सोनं मी फक्त वडिलांच्या हातात पाहिलं होतं. मी विचारायला हवं होतं. गिऱ्हाईक होतं म्हणून विचारलं नाही."

बाई उठल्या. पारा कोणी घरी आणला ते आता कळलं होतं, आणि तो विष घालायला आणलेला नव्हता हेही. हे सांगायचं मात्र होतं एका अशा बाईला, जिची सासू गेली होती आणि पोर दवाखान्यात खोकत होती.

५

दवाखान्याच्या व्हरांड्यात चौघं जमली होती. बाकावर सून, तिच्यापासून दोन हात लांब तिची नणंद, मधे कोणाच्याच बाजूनं नसलेले वैद्यबुवा, आणि भिंतीला टेकून उभा भट्टीवाला. बाईंनी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली.

"आजींनी पारा गिळला नव्हता. गिळला असता तर पोटात खुणा सापडल्या असत्या. पोट साफ होतं, फुप्फुसं भाजली होती. कुड्या गोळ्यांनी पांढऱ्या झाल्या नाहीत, कारण बुवांच्या गोळीनं तांब्याचा पत्रासुद्धा पांढरा होत नाही. आणि ठकीनं तर गोळी पाहिलीही नाही, तरी तिची बाळी पांढरी. म्हणजे पारा हवेत होता. उरलासुरला अजून त्या पलंगात, उशीत आहे."

"मग तिनंच हवेत सोडला असेल," नणंद म्हणाली, पण तिचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता.

"माणूस चार दिवसांत मरावा इतका पारा हवेत जायला विस्तव लागतो, ताई. आणि विष घालायचं असेल तर कोणी पारा तापवत बसत नाही. तो पोरीच्या, स्वतःच्याही नाकात जातो. पारा तापवतात तो केव्हा? पारा नको असतो, आणि त्यानं गिळलेलं काहीतरी परत हवं असतं, तेव्हा."

बुवांनी मान वर केली. 

"सोनं," ते म्हणाले.

"तुम्ही पाऱ्याला वर्ख खाऊ घालून तो पुढे खलायला देत होतात. गंधकाबरोबर कुपीत जायचा तो मात्र कुलपातला साधा पारा. रंग तोच, चव तीच. तुम्ही कधी विचारणार नव्हता, कारण गिळलेलं परत मागायचं नसतं. हे तुमच्या शेडमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं. सोनाराकडे भोकाभोकाचा गोळा घेऊन तोच गेला. आणि लोखंडी पळी त्यानंच नेली."

सगळे भट्टीवाल्याकडे पाहत होते. तो भिंतीवरून सरकत खाली बसला.

"ते कोणाचंच नव्हतं," तो म्हणाला. "दर खेपेला बुवा म्हणायचे, गिळलं. मला वाटलं, गेलंच आहे तर... पोरीला बाळ्या केल्या. आईला बांगडी करणार होतो, शपथ घेऊन सांगतो. एरवी बुवा जेवायला गेले की भट्टीवरच तापवायचो. त्या दिवशी बुवा गेलेच नाहीत, त्यांना बरं नव्हतं. दोन खेपांचं साठलं होतं. घरी नेलं."

"पळी चुलीवर असताना तुम्ही कुठं होतात?"

"मागच्या अंगणात."

"आत का नव्हतात?"

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"वाफ घ्यायची नसते, हे तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"आई झोपली होती हो! तिला उठवलं असतं तर तिनं विचारलं असतं, काय करतोयस."

"आणि हे तिला कशानं झालं, ते कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. लोखंडाची चव म्हणाली तेव्हा."

"म्हणजे त्यानंतर त्या दोन दिवस जिवंत होत्या आणि तुम्हाला माहीत होतं. डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"नोकरी गेली असती," भट्टीवाला म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "मला वाटलं बरी होईल. मग वाटलं, गोळ्यांवर जाईल. हिच्यावर येईल असं नव्हतं वाटलं."

"आलं तेव्हा तरी?" सुनेनं विचारलं.



६

पोलीस यायला अर्धा तास होता. डॉक्टर सांगून गेले की ठकीच्या अंगात पारा थोडाच गेलाय, खोकला उतरेल, महिनाभर तपासत राहावं लागेल. सुनेनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून एकदाच हुंदका दिला. या वेळी नळ सोडायला जवळ मोरी नव्हती.

निरीक्षकबाई मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहीत होत्या. भट्टीवाला अजून बोलत होता, कोणी विचारत नसताना.

"मी खिडकी उघडी ठेवली होती. चुलीवरची. सताड. सगळं बाहेर जाणार होतं. परत आलो तर लागलेली. वाऱ्यानं आपटली असेल..."

"वाऱ्यानं नाही," सून म्हणाली.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी लावली. बाजारातून भाजी टाकायला आले होते, दोन मिनिटं. आई मुटकुळं करून झोपल्या होत्या, कमानीतून सरळ वारा येत होता त्यांच्या अंगावर. पळीवर झाकण होतं. मला वाटलं, गुडघ्यांचं तेल आहे. मी खिडकी लावली, त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि ठकीला आणायला गेले."

 बाईंना वाटलं, आता नणंद उठेल. दहा दिवस जिच्या गळ्यात फास अडकवायला ही बाई दारोदार फिरली, ती आज आपण होऊन मान पुढे करत होती. नणंद उठलीही. दोन हातांचं अंतर ओलांडून ती भावजयीच्या शेजारी जाऊन बसली.

"आईला गार वारा सोसायचाच नाही," ती म्हणाली. "मी असते तर मीही लावली असती."

"उघडी असती तर त्या वाचल्या असत्या का?" सुनेनं निरीक्षकबाईंना विचारलं.

"नाही सांगता येणार. खरंच नाही." बाईंनी लिहिलेली ओळ तिला दाखवली. घटनेच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, एवढंच तिथं होतं. "कायद्याला यापेक्षा जास्त लागत नाही. तुमचं नाव यात यायची गरज नाही."

सुनेनं ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"खिडकी आपली आपण लागत नाही, बाई. कोणी लावली ते लिहा. लपवलेलं एक पुरे झालं या घराला."

निरीक्षकबाईंनी ती ओळ खोडली. खाली नवी लिहिली: सासूला वारा लागू नये म्हणून सुनेने खिडकी लावली. सुनेनं सही केली. मग कागद फिरवून बाईंनी विचारलं की साक्षीदार म्हणून सही कोण करणार.

"द्या इकडे," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी ती केली.